गेलेल्या माणसाच्या साड्या, त्यांची गोधडी आणि तिच्यावरची ओवी

घरातलं माणूस गेलं की बाराव्या-तेराव्या दिवसापर्यंत कपाट रिकामं करण्याची घाई सुरू होते. पाहुणे घरात असतात, गावाकडची मंडळी आलेली असतात आणि कोणीतरी वडीलधारं सांगतं, ‘आत्ताच काय ते देऊन टाका, नंतर हात धजत नाही.’ बहुतेक घरांत तसंच होतं. मग दोन-तीन महिन्यांनी माणसं पांगतात, घर शांत होतं आणि तेव्हा कळतं की हातात धरायला काहीच मागे ठेवलेलं नाही. म्हणून सगळ्यात आधी हे सांगावंसं वाटतं: सगळं वाटून टाकू नका. दोन सुती साड्या किंवा चार शर्ट, असलंच तर एखादं धोतर, बाजूला काढून ठेवा. त्याचं काय करायचं हे त्या दिवसांत ठरवायची गरज नाही.

मृताच्या अंगावरचे कपडे घरात ठेवू नयेत असं मानणारी घरं पुष्कळ आहेत. घरात वडीलधाऱ्यांचा तसा आग्रह असेल तर वाद घालू नका. ‘नेसायला नाही, गोधडीला ठेवतोय’ एवढं सांगितलं तर बहुतेकांची हरकत मावळते, कारण आजीच्या लुगड्यांची गोधडी त्यांनीही पांघरलेली असते. भावंडांना मात्र कात्री लावण्याआधी विचारायलाच हवं. आईची एखादी साडी बहिणीला अखंड हवी होती आणि ती कापल्यावर कळलं, यातून जे मन दुखावतं ते पुढे कितीतरी वर्षं दुखत राहतं.

या कपड्यांची हाताने शिवलेली गोधडी आणि त्या माणसासाठी स्वतः रचलेली ओवी, या दोन गोष्टी एकमेकींच्या सोबतीने कशा करायच्या त्याबद्दल हे लिखाण आहे. दोन्ही कामं आपल्याकडे पूर्वापार आहेत, दोन्हींना फारसा खर्च नाही आणि मुख्य म्हणजे दोन्हींना माप आहे. दुःखात ‘मन मोकळं कर’ असं सगळे सांगतात. पण किती मोकळं करायचं आणि कुठे थांबायचं हे कोणी सांगत नाही. माझ्या मते खरी अडचण तिथेच असते.

जात्याचं माप

जात्यावर दळणाऱ्या बाईला ओवी म्हणण्यासाठी वेगळा वेळ मिळत नव्हता. पहाटे सुपात धान्य घ्यायचं, मूठमूठ जात्याच्या तोंडात वैरायचं, खुंटा धरून ओढायचं आणि म्हणायचं. सूप रिकामं झालं की ओवी थांबली आणि दिवसाची कामं सुरू झाली. सासरचा जाच, मेलेलं मूल, आई गेल्यावर तुटलेलं माहेर, हे सगळं त्या ओव्यांमध्ये आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सुरू केलेल्या संकलनात महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण भारताची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळावर आता त्या वाचता आणि ऐकताही येतात. रचणाऱ्या बहुतेक जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. ओवी रचायला कवी असावं लागत नाही, हे पटवून घ्यायला त्यातल्या पन्नासेक ओव्या ऐकल्या तरी पुरे.

वियोगाची कविता फक्त बायकांची, असंही नाही. ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये आळंदीला समाधी घेतली त्या प्रसंगाचे नामदेवांचे अभंग कार्तिक वद्यात तिथे भरणाऱ्या सोहळ्यात आजही गायले जातात.

मानसशास्त्रात या विषयावर बरंच काम झालं आहे आणि त्याबद्दल अर्धवट ऐकीव माहितीही खूप पसरलेली आहे. अमेरिकेतल्या जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं आपल्या आयुष्यातल्या जखमेबद्दल लिहायला लावलं. घडलेलं आणि त्याबद्दल वाटलेलं, असं दोन्ही ज्यांनी लिहिलं त्यांना पुढच्या महिन्यांत दवाखान्याची पायरी कमी चढावी लागली. तिथून ‘लिहा म्हणजे बरं वाटेल’ हा सल्ला जगभर गेला. पण मार्गारेट स्ट्रोबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये जोडीदार गेलेल्या माणसांबाबत हेच तपासलं, तेव्हा भावना नुसत्या लिहून वा बोलून काढल्याने दुःख लवकर ओसरतं असं दिसलं नाही. स्ट्रोबे आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये मांडलेला विचार मला अधिक खरा वाटतो. दुःखातलं माणूस कधी गेलेल्याकडे वळतं, तर कधी आपल्या रोजच्या जगण्याकडे, आणि ही ये-जा चालू राहणं हीच निरोगी गोष्ट आहे. एकाच बाजूला अडकून पडलं की त्रास वाढतो. सूप रिकामं झालं की उठायचं, या जात्याच्या नियमात ही ये-जा आपोआप सांभाळली जात होती. आपल्याकडे आता जातं नाही. तेव्हा तसं माप दुसऱ्या कशात तरी शोधावं लागतं.

ओवी कशी रचायची

पहिले काही आठवडे काही रचायला बसू नका. झोप नाही, भूक नाही, कागदपत्रांची धावपळ चालू आहे, अशा वेळी लिहिण्याची जबरदस्ती म्हणजे आणखी एक ओझं. त्या काळात आठवलेलं एखादं वाक्य फोनमध्ये बोलून ठेवलं तरी चालेल. पहिल्या मासिकानंतर केव्हाही सुरुवात करता येते. वर्षांनी सुरुवात केली तरी उशीर होत नाही.

सुरुवात भावनांनी करू नका, वस्तूंनी करा. एका कागदावर त्या माणसाच्या वीस वस्तू लिहा: चष्मा, अडकित्ता, बँकेचं पासबुक, गुडघ्याला लावायचं तेल, देवघरातली फुलपुडी, स्कूटरची किल्ली. प्रत्येकीपुढे ते माणूस तिचं काय करायचं हे एका क्रियापदात लिहा. ‘पासबुक – दर महिन्याला भरून आणायचे’, ‘चष्मा – पदराने पुसायची’. एवढं झालं की त्या दिवसाचं काम संपलं. ही यादी फार साधी वाटते, पण पुढची सगळी कविता तिच्यातूनच येते.

दुसऱ्या बैठकीला पंधरा मिनिटांचा गजर लावा आणि त्या माणसाला उद्देशून गद्यात लिहा. आईला ‘तू’ म्हणत असाल तर तू, वडिलांशी अहो-जाहो बोलत असाल तर कागदावरही ‘अण्णा, तुम्ही’. जे संबोधन जिवंतपणी होतं तेच ठेवा. ते बदललं की लिखाण भाषणासारखं होऊ लागतं. कुठून सुरू करावं कळत नसेल तर तीन सुरुवाती उपयोगी पडतात: ‘तुझं अमुक अजून तिथेच आहे’, ‘तुला सांगायचं राहिलं की’ आणि ‘मला तुझा राग येतो, कारण’. तिसरी टाळावीशी वाटेल. टाळू नका. औषधं वेळेवर न घेतल्याचा राग, दुखणं लपवल्याचा राग, आधी निघून गेल्याचा राग ही दुःखाचीच बाजू आहे, आणि ती कुठेच लिहिली नाही तर उरलेलं सगळं लिखाण नुसती स्तुती होऊन बसतं. गजर वाजला की वाक्य अर्धं असलं तरी थांबा. लिहून झाल्यावर तास-दोन तास मन जड होणं स्वाभाविक आहे, म्हणून हे झोपायच्या आधी करू नका. नंतर लगेच हाताला एखादं काम राहील अशी वेळ निवडा. लिहिता लिहिता एखादी आठवण झेपत नाही असं वाटलं तर ती तिथेच सोडा आणि दुसऱ्या वस्तूकडे वळा. सोसवत नसतानाही रेटत राहिल्याने काही साधत नाही.

तिसऱ्या बैठकीला ते गद्य वाचा आणि तीनच वाक्यं अधोरेखित करा. ती मापात बसवायची.

मापाचे दोन प्रकार नवशिक्याला जमतात. पहिली जात्यावरची ओवी: दोन ओळी, प्रत्येक ओळीत मध्ये थांबा, थांब्याच्या अलीकडे-पलीकडे साधारण आठ-आठ अक्षरं आणि दोन्ही ओळींच्या शेवटी यमक. अक्षरं मोजायची रीत सोपी आहे. ऱ्हस्व असो की दीर्घ, एक अक्षर म्हणजे एक. जोडाक्षरही एकच, म्हणजे ‘चष्मा’ दोन अक्षरी. एक अक्षर कमी-जास्त झालं तर गाताना ओढून घेता येतं, म्हणून फार छळ करून घेऊ नका. ‘बाई’, ‘गं’, ‘माझ्या’ असे भरीचे शब्द वापरायला हरकत नाही. जात्यावरच्या बायका ते सढळ हाताने वापरत.

आता काय बिघडतं ते बघा. पहिल्यांदा रचायला बसलेल्या बहुतेकांकडून अशी ओळ येते:

*आठवणींचा सागर दाटतो माझ्या मनात*

अक्षरं बरोबर सोळा, थांबा जागच्या जागी. पण ही ओळ कोणाच्याही आईबद्दल असू शकते, त्यामुळे ती रचून मनाला काहीच होत नाही. आता वस्तूंच्या यादीकडे जा आणि एखादा वास, एखादी वेळ, एखादी जागा घ्या:

*वरणाच्या फोडणीचा वास येतो शेजारून*
*दाराशी मी उभी बाई, हाक येईल आतून*

इथेही सोळा-सोळाच अक्षरं आहेत, आणि ‘दुःख’ हा शब्द कुठेही आलेला नाही. सागर, शून्य, पोरका, अंधार, अश्रू हे शब्द पहिल्या दहा ओव्यांपुरते बंद ठेवले तर फरक लगेच दिसतो.

दुसरं माप नामदेवांच्या मोठ्या अभंगाचं. चार चरण, सहा-सहा-सहा-चार अक्षरं, यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात. एकूण बावीस अक्षरं. शेवटचा चरण आखूड असल्यामुळे तिथे आवाज आपोआप खाली येतो, आणि शोकाला हे माप फार शोभतं.

*आई, तुझा चष्मा*
*कपाटात आहे*
*कुणाला तो पाहे*
*मिटलेला*

या मापात चूक बहुतेक चौथ्या चरणात होते. जे सांगायचं ते तीन चरणांत सांगून झालेलं असतं आणि चौथ्यात ‘सांगू काय’, ‘देवा रे तू’ असं काहीतरी कोंबलं जातं. त्यापेक्षा चौथा चरण आधी ठरवा. चार अक्षरांचा एखादा नेमका शब्द सापडला की वरचे तीन त्याच्याकडे चालत येतात.

एका बैठकीत एकच ओवी. दुसरी सुचत असेल तर तिचा पहिला शब्द लिहून ठेवा आणि उठा.

गोधडी

पश्चिम महाराष्ट्रात हिला वाकळ म्हणतात, तान्ह्या बाळाची असेल तर दुपटं. इथे दिलेलं माप एका माणसाच्या पांघरुणाचं आहे: ११५ सेंटिमीटर रुंद, १८० सेंटिमीटर लांब. हे माप साडीवरूनच आलं आहे. पाचवारी-सहावारी सुती साडी सुमारे साडेपाच मीटर लांब आणि ११५ ते १२० सेंटिमीटर पन्ह्याची असते, म्हणजे आडवे दोन काप दिले की १८० सेंटिमीटरचे तीन तुकडे मिळतात आणि रुंदीला कात्री लावावीच लागत नाही, दोन्ही बाजूंचे काठ तसेच राहतात. नऊवारीतून असे चार तुकडे निघतात. दोन साड्यांचे सहा तुकडे झाले. त्यातला एक वर, एक खाली, दोन पोटात. उरलेल्या दोनांतून कडेचा गोट आणि चुकलंमाकलं भागवायचं. चार थर पुण्या-मुंबईच्या थंडीला पुरतात. नाशिक किंवा विदर्भाकडे असाल तर पोटात एक-दोन थर वाढवा, पण सहाच्या वर गेलात तर हाताने सुई ओढणं कठीण होतं. धोतर असेल तर ते पोटाला घाला, इतकं मऊ दुसरं कापड नाही.

कापण्याआधी धुण्याचा प्रश्न येतो, आणि इथे घाई केल्याचा पश्चात्ताप होतो. न धुतलेल्या साडीला त्या माणसाचा वास असतो आणि एकदा धुतली की तो कायमचा जातो. म्हणून आधी एक वस्त्र (ब्लाउज, रुमाल, टोपी, काहीही) न धुता घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा झिपच्या पिशवीत बंद करून ठेवा. मगच बाकीचं धुवा. खळ घातलेली साडी असेल तर खळ पूर्ण जाईपर्यंत धुवायला हवी, कारण कसर त्या खळीलाच लागते. रंग जातो का ते पाहायला पांढऱ्या कापडाचा ओला तुकडा काठावर घासून बघा. रंग उतरला तर ती साडी फिक्या साडीच्या शेजारी घेऊ नका.

मग कापड उजेडासमोर धरा. निऱ्या खोचायची जागा, बसण्याचा भाग आणि पायाजवळचा काठ इथे सूत विरलेलं असतं. शंका असेल तिथे दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणा. चरकन फाटलं तर तो भाग पोटात घाला, वर नको. पदर आणि त्याच्या अलीकडचा भाग बहुधा शाबूत असतो, तो वरच्या थराला.

पैठणी किंवा जरीची जुनी रेशमी साडी गोधडीत घालू नका. जुनं रेशीम घड्यांवर चिरतं आणि टाक्यांनी आणखी फाटतं. ती अखंड राहू द्या. सिंथेटिक साड्यांचा प्रश्न वेगळा आहे. नोकरी करणाऱ्या कितीतरी आयांनी आयुष्यभर त्याच नेसल्या, इस्त्री लागत नाही म्हणून. त्या घेऊ नका म्हणणं बरोबर नाही. पण नवं सुती कापड धुतल्यावर आटतं, सिंथेटिक आटत नाही, त्यामुळे गोधडीवर फुगे येतात. तेव्हा खालचं सुती कापड आधी दोनदा धुवून घ्या, सिंथेटिक फक्त वरच्या थराला वापरा आणि टाक्यांच्या ओळी जवळ घ्या.

शर्टांची गोधडी चौकोनांची करावी लागते. ३० सेंटिमीटरचे चौकोन कापा. चारी बाजूंनी एक-एक सेंटिमीटर शिवणीत गेलं की २८ उरतात. रुंदीला चार आणि लांबीला सहा, असे २४ चौकोन लागतात. पूर्ण बाह्यांच्या एका मोठ्या शर्टातून पाठ, पुढचे दोन भाग आणि बाह्या धरून सहा चौकोन आरामात निघतात, म्हणजे चार शर्ट. जोडल्यावर माप ११२ बाय १६८ होतं. एक चौकोन खिसा असलेला ठेवा. लहान मुलं तिथेच हात घालतात.

दोरा सुतीच घ्या, जाडसर. पॉलिस्टरचा दोरा जुन्या कापडापेक्षा बळकट असतो. ताण आला की दोरा तसाच राहतो आणि कापड फाटतं. सुती दोरा आधी तुटतो, तो परत घालता येतो. सुई लांब आणि मोठ्या नाकाची, मधल्या बोटाला अंगुस्तान.

फरशीवर खालचा थर पसरा, त्यावर पोट, त्यावर वरचा थर, आणि प्रत्येक थर मधून कडेकडे तळहाताने सपाट करत जा. मग कच्चा टाका: मधून सुरू करून बाहेर, उभा-आडवा, तळहाताच्या अंतरावर. नवशिके बहुतेक हाच टप्पा गाळतात. कच्चा टाका नसेल तर खालचा थर हळूहळू सरकत जातो आणि ते वरून दिसत नाही. विसाव्या ओळीला गोधडी उलटवल्यावर चुणी दिसते आणि विसाच्या वीस ओळी उसवाव्या लागतात. मन आधीच थकलेलं असताना हे उसवणं फार लागतं.

आता पक्का धावदोरा. गोधडीच्या रुंदीइतक्या ११५ सेंटिमीटरच्या आडव्या ओळी, दोन बोटं म्हणजे सुमारे तीन सेंटिमीटर अंतराने, म्हणजे एकूण ६०. टाका अर्ध्या सेंटिमीटरहून किंचित मोठा, मधली जागाही तेवढीच. अशा एका ओळीत ९५ च्या आसपास टाके बसतात आणि हात बसला नसला तरी पंधरा-वीस मिनिटांत ओळ होते. एका ओळीला १४० सेंटिमीटर दोरा घ्या. त्याहून लांब दोरा गुंततो. सगळा मिळून ८५ मीटरच्या आत जातो, कच्च्या टाक्याला आणि गोटाला धरून सव्वाशे मीटर आणून ठेवा. शेवटी कडेला आठ सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्यांचा गोट. उरलेल्या एका तुकड्यातून चार पट्ट्या उभ्या कापल्या की सात मीटर होतात, आणि कड सहा मीटरच्या आत आहे.

इथे ते माप मिळतं, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. एका बैठकीला एक दोरा, एक ओळ. दोरा संपला की सुई गोधडीत न ठेवता डबीत ठेवायची आणि उठायचं. मन लागलं म्हणून एका रात्रीत दहा ओळी घालणारे दुसऱ्या दिवसापासून गोधडीकडे बघतही नाहीत. रोज एक घातली तर दोन महिने. मध्ये आठवडा गेला तरी काही बिघडत नाही. ‘वर्षश्राद्धाला पूर्ण करायची’ असा पण मात्र करू नका. वर्षश्राद्धाचे दिवस मुळात जड, त्यात अपुऱ्या कामाची टोचणी कशाला? पितृपंधरवड्यातही तसंच. त्या दिवसांत एखादी ओळ घालावीशी वाटली तर घाला, नाहीतर राहू द्या.

शब्द कापडावर

ओवी भरायची ती थर रचण्याआधी, फक्त वरच्या कापडावर. चारही थरांतून भरतकाम केलं तर तो भाग पुठ्ठ्यासारखा कडक होतो. जुन्या कापडाला मागून मलमलचा तुकडा लावा, एम्ब्रॉयडरीच्या रिंगमध्ये धरा, पण रिंग रात्रभर लावून ठेवू नका, वळ राहतो. अक्षरं पेन्सिलीने किंवा शिंप्याच्या खडूने काढा. बॉलपेन धुताना पसरतं.

देवनागरीला साखळी टाका चांगला. सहा पदरी दोऱ्यातले दोन पदर घ्या. अक्षराची उंची तीन सेंटिमीटरच्या खाली नेऊ नका, नाहीतर ‘ष्म’, ‘त्र’ अशी जोडाक्षरं गिचमिड होतात आणि वेलांट्या तुटतात. आधी अक्षरांची पोटं आणि काने, मग मात्रा-वेलांट्या, सगळ्यात शेवटी शिरोरेषा. शिरोरेषा आधी घातली की अक्षरं तिच्याखाली वाकडीतिकडी लटकतात. एका अक्षराला साधारण चार सेंटिमीटर धरले तर सोळा अक्षरांची ओवीची ओळ ६४ सेंटिमीटरची होते आणि ११५ च्या रुंदीत मधोमध बसते. अभंगाच्या सहा अक्षरी चरणाला २४ सेंटिमीटर लागतात, चार चरण सहा-सहा सेंटिमीटरवर घेतले तर उंचीही २४. म्हणजे एक अख्खा अभंग शर्टाच्या २८ सेंटिमीटरच्या एका चौकोनात नेमका मावतो.

जे कोणी वाचू नये असं वाटतं त्यालाही गोधडीत जागा आहे. रागाची ओवी, माफीची ओवी, ‘शेवटी मी तिथे नव्हतो’ हे वाक्य मलमलच्या तुकड्यावर पेन्सिलीने लिहा, चारी बाजूंनी पोटातल्या थराला टाचा आणि वरून कापड घ्या. ते कोणाला दिसणार नाही, पण ते तिथे आहे हे तुम्हाला माहीत असेल. परदेशात असल्यामुळे ज्यांना अंत्यदर्शन फोनच्या पडद्यावर घ्यावं लागलं, त्यांना या तुकड्याचा विशेष उपयोग होतो. त्यांनी भावंडांकडून एक साडी मागवून घ्यावी. तीन थरांची हलकी गोधडी एका साडीतही होते, फक्त गोटाला वेगळं कापड घ्यावं लागतं.

शिवताना नवीन ओव्या सुचतात, तेव्हा हात थांबवू नका. फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवून मोठ्याने म्हणा. त्यातली एखादी नंतर वेगळ्या कापडावर भरून ठिगळ म्हणून लावता येते. घरात आजी असेल तर तिला शेजारी बसवा. तिला आठवणाऱ्या ओव्याही तेवढ्याच मोलाच्या आहेत. व्हॉट्सअॅपच्या कुटुंबाच्या गटावर मात्र नवी ओवी लगेच टाकू नका. अंगठे आणि हात जोडलेली चिन्हं येतात आणि मग पुढची ओवी नकळत त्यांच्यासाठी रचली जाते.

लहान मुलांना एवढं मोठं काम देऊ नका. त्यांना आजोबांच्या शर्टाचा उशीचा अभ्रा करायला द्या, वर कापडी रंगांनी चित्र काढू द्या. बोलताना ‘आजोबा झोपले’ म्हणू नका, ‘वारले’ म्हणा. झोपले म्हटलं की मुलं झोपायला घाबरतात.

शिवणं अजिबात जमत नसेल तर ऑर्डरप्रमाणे गोधड्या शिवून देणारे महिलांचे गट आणि कारागीर बऱ्याच शहरांत-गावांत आहेत. देताना कापड मोजून द्या, उरलेले तुकडे परत मागा, आणि पहिली व शेवटची ओळ स्वतः घालण्यासाठी मोकळी ठेवायला सांगा.

कविता आणि शिवण प्रत्येक दुःखाला पुरी पडत नाही, हेही स्वच्छ सांगायला हवं. वर्ष उलटलं तरी रोजचं जगणं सुरूच होत नसेल, माणूस गेलंय हे मन मानतच नसेल, जगण्यात अर्थ उरला नाही असं दिवसचे दिवस वाटत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. दीर्घकाळ रेंगाळणारा शोक हा आता वैद्यकात स्वतंत्र आजार म्हणून ओळखला जातो आणि त्यावर उपचार आहेत. जीव द्यावासा वाटत असेल तर वर्षाची वाट बघायची नाही. त्याच दिवशी घरातल्या कोणाला तरी सांगायचं आणि सरकारच्या ‘टेली-मानस’ला १४४१६ वर फोन करायचा. तिथे दिवसरात्र, फुकट आणि मराठीतही बोलता येतं.

गोधडी झाली की ती वापरा. कपाटात घडी करून ठेवलेली गोधडी दमटपणाने आणि कसरीने लवकर खराब होते. वर्षातून दोनदा, कोमट पाण्यात सौम्य साबणाने, हाताने दाबून धुवा. मशीनमध्ये घालू नका, पिळू नका. ओली गोधडी तारेवर एका ठिकाणी टांगली तर स्वतःच्या वजनाने ओळी ताणून टाके तुटतात. खाटेवर किंवा दोन दोऱ्यांवर आडवी पसरून वाळवा, भरतकामाची बाजू खाली, म्हणजे उन्हाने रंग उडणार नाही. एखादी ओळ सुटली तर शेजारची सुटण्याआधी त्याच रंगाचा दोरा घेऊन परत घाला. त्यासाठी आणलेल्या दोऱ्यातलं थोडं रीळ गोधडीसोबतच ठेवा.